न विचारायचा प्रश्न

पोस्टातून निवृत्त झालेला माणूस रत्नागिरीत काय करतो, तर सकाळी फिरून येतो, पेपर वाचतो आणि उरलेला दिवस बायकोच्या पायात पायात करतो. मी मात्र आजारी पडायला लागलो. एका आठवड्यात दमा, पुढच्या आठवड्यात दारूचं व्यसन, मग कुष्ठरोग, मग आकडी. खरं सांगायचं तर माझी तब्येत ठणठणीत आहे. हे सगळे आजार मला डॉ. कुमुद पाध्ये यांनी दिले, आणि त्यांच्याइतक्या प्रेमाने मला आजवर कुणी आजारी पाडलेलं नाही.

त्यांची माझी गाठ पडली ती नाटकामुळे. आमच्या हौशी मंडळाच्या एका नाटकात मी तिसऱ्या अंकात क्षयाने मरत असे. हे मरण गावात गाजलं होतं. बायका डोळे पुसत. एकदा प्रयोग संपल्यावर मी तोंडावरचा रंग पुसत बसलो होतो, तर दारात एक उंच, किडकिडीत बाई येऊन उभ्या राहिल्या. पांढरे केस मानेपाशी कापलेले, इस्त्री न केलेली सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी. मला वाटलं, सही मागायला आल्यात.

"मेलात छान," त्या म्हणाल्या, "पण खोकलात खोटं. क्षयाचा माणूस असा दणदणीत खोकत नाही हो. तो खोकला दाबतो. शेजारच्याला ऐकू जाऊ नये म्हणून."

मी जरा दुखावलोच. इतक्या वर्षांच्या खोकल्याला कुणी असं बोललं नव्हतं. पण त्यांना माझ्या दुखावण्याशी काही कर्तव्य नव्हतं. त्यांनी सरळ विचारलं, "माझ्या मुलांपुढे आजारी पडाल का?"

मुलं म्हणजे मेडिकलची. मॅडमचा जन्म इथलाच, पण सगळी नोकरी मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात झालेली. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्या परत आल्या आणि आमच्याकडच्या एका मेडिकल कॉलेजात करारावर शिकवायला लागल्या. त्यांचा विषय ऐकून मला हसू आलं होतं. पेशंटशी बोलायचं कसं, हे त्या डॉक्टर होणाऱ्या पोरांना शिकवत. तेसुद्धा कुठल्याही पेशंटशी नव्हे. ज्याला पायरीवरूनच हाकलतात, ज्याच्याशी बोलताना आपण नकळत आवाज चढवतो, जो आपल्यासमोर खुर्चीच्या कडेवर टेकून बसतो, त्याच्याशी. कॉलेजात या तासाला 'गप्पांचा तास' म्हणत. बाकीचे प्राध्यापक हसत. एकदा एका सर्जननी माझ्यादेखत त्यांना म्हटलं, "मॅडम, आमचा पेशंट झोपलेला असतो, त्यामुळे आमचं अडत नाही." मॅडमही हसल्या, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही.

तास व्हायचा व्हरांड्याच्या टोकाच्या खोलीत, जिथे मोडके पलंग ठेवले होते. त्यातलाच एक पलंग माझा. मी त्यावर पडायचं आणि पोरांनी एकेक करून येऊन माझ्याशी बोलायचं. पहिल्या दिवशी मी होतो बोटीवरचा खलाशी, दारूने लिव्हर गेलेला. एक गोरागोमटा पोरगा आला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "काय रे, किती पितोस?"

मॅडमनी त्याला थांबवलं. रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "हे तुझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. वडिलांनासुद्धा अरे म्हणतोस का? म्हणत असशील तर चालू दे."

पोरगा कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या वेळी त्याने सगळी कसर भरून काढली. हात जोडून म्हणाला, "आपण मद्यपान करता का?"

आता मी खलाशी. मी म्हटलं, "ता काय असता?" वर्ग खो खो हसला. मॅडमही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्या पलंगाशेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, "समुद्रावरून आलात की अंग फार दुखत असेल ना हो?" एवढंच. आणि गप्प बसल्या. मी खलाशी नाही, दारू पीत नाही, मला पोहतासुद्धा येत नाही. पण त्यांच्या त्या गप्प बसण्याने मला असं वाटलं की आता या बाईला सगळं सांगून टाकावं. ठरलेलं बोलणं बाजूला राहिलं आणि मी काहीतरी भलतंच बोलत सुटलो. वडील गेले त्या वर्षाचं.

हे गप्प बसणं ही त्यांची खरी विद्या. त्यासाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. पिशवीत लवंगांची डबी असायची. प्रश्न विचारला की त्या एक लवंग तोंडात टाकत. लवंग तोंडात असली की बोलावंसं वाटत नाही, जीभ आपल्या कामात असते. पोरांनाही एकेक देत. "विचारलंत ना? मग आता लवंग चघळा," म्हणत. त्यांच्या वर्गातून येणाऱ्या पोरांच्या ॲप्रनना लवंगेचा वास यायचा, आणि वॉर्डातल्या नर्सबाई म्हणायच्या, "आला पाध्येबाईंचा मसाला."

गंमत अशी की ही बाई वॉर्डाबाहेर चार वाक्यं धड बोलू शकत नसे. आमच्या नातवाच्या बारशाला मी त्यांना आग्रहाने बोलावलं. त्या आल्या, कोपऱ्यातली खुर्ची धरून बसल्या. शेजारच्या वहिनींना त्यांनी विचारलं, "कशा आहात?" आणि सवयीने लवंग तोंडात टाकून, वहिनींच्या डोळ्यांत बघत उत्तराची वाट बघायला लागल्या. वहिनी 'बरी आहे' म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. पण समोरची नजर हलेना. बिचाऱ्या इतक्या घाबरल्या, की पान वाढायच्या निमित्ताने उठून गेल्या त्या परत तिकडे फिरकल्या नाहीत. आमची ही मला रात्री म्हणाली, "तुमच्या मॅडम चांगल्या आहेत हो, पण त्यांच्याशी काय बोलायचं ते कळत नाही."

कुणालाच कळत नसे. नाचणे रोडला एका बंगल्याच्या वरच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या होत्या. मालक मुंबईला. मी तिथे संहिता बसवायला जायचो, म्हणजे पुढच्या आठवड्यात मला काय झालंय ते ठरवायला. घरात एक ताट, एक वाटी घासून पालथी घातलेली. रविवारी संध्याकाळी त्या मांडवीच्या जेट्टीवर जाऊन बसत. मी दोन-तीनदा लांबून बघितलं. सगळं गाव तिथे भेळ खात हिंडत असतं, आणि त्या समुद्राकडे तोंड करून अशा बसलेल्या, जसं काही त्याला प्रश्न विचारलाय. एकदा मला म्हणाल्या, "शेवडे, मला कुमुद म्हणणारं आता नाशिकच्या बहिणीशिवाय कुणी राहिलं नाही. बाकी सगळ्यांची मी मॅडम." आणि लगेच संहितेकडे वळल्या.

वॉर्डात मात्र त्या दुसऱ्याच होत. एकदा एका आंबा बागेतला राखणदार दाखल झाला होता. आमच्याकडे बागा राखायला नेपाळी माणसं असतात आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला आम्ही बहादूर म्हणतो. बागायतदार म्हणतात, दुकानदार म्हणतात, मीही म्हणत आलो. केसपेपरवर तेच, पलंगावरच्या पाटीवर तेच. त्याच वॉर्डात आणखी एक बहादूर होता, बोटीवरचा. औषधं देताना नर्स 'बागेतला बहादूर', 'बोटीतला बहादूर' असा फरक करायच्या. मॅडम पोरांना घेऊन बागेतल्याच्या शेजारी बसल्या.

"आपका नाम?"

"बहादूर."

लवंग. तो माणूस चादरीशी चाळा करत राहिला. पोरं चुळबुळायला लागली. बऱ्याच वेळाने तो खाली बघत म्हणाला, "वो तो सेठ का दिया हुआ है. घर का नाम डिल्लीराम."

मागे एक पोरगा फिस्स करून हसला. मॅडमनी त्यालाच जवळ बोलावलं आणि सांगितलं की डिल्लीराम सुटेपर्यंत रोज सकाळी त्यांना नावाने हाक मारून विचारपूस करायची, हे तुझं काम. पोरगा तोंड वाकडं करून गेला. नंतर तोच मला सांगत होता, "काका, तो माणूस आता राउंडच्या आधी केस विंचरून बसतो ओ. माझी वाट बघतो." त्या पोराला माणूस भेटला होता आणि त्याचं त्यालाच नवल वाटत होतं.

पण मॅडमच्या तासातला सगळ्यात मोठा नियम वेगळा होता, आणि तो बाहेरच्यांना पटकन कळायचा नाही. आमच्या जिल्ह्यात दोन अनोळखी माणसं भेटली की एक शिरस्ता असतो. नाव काय, गाव कुठलं, वाडी कुठली. हे आम्ही प्रेमाने विचारतो. त्यातून ओळख निघते, कुणाची तरी मावशी निघते, बोलणं सुरू होतं. आता आडनावावरून इथे माणसाचा पत्ता लागत नाही. जाधव, पवार, मोहिते सगळ्या जातींत. पण गावात प्रत्येक जातीची वाडी वेगळी. वाडी सांगितली की जात सांगितली. विचारणाऱ्याच्या मनात काही असो वा नसो, सांगणाऱ्याला ते पक्कं माहीत असतं.

हे मॅडमना उमगलं ते एका म्हातारीमुळे. संगमेश्वराकडची, पोटात गोळा. वर्गातली एक गोड स्वभावाची मुलगी, इथलीच, तिच्याजवळ बसून अगदी नातीसारखं बोलत होती. म्हातारी खुलली होती. पोरीने हसत विचारलं, "वाडी कुठली गो आजी?" म्हातारीने सांगितली. पोरीने मान डोलावली, पुढचं विचारायला लागली. तिच्या ध्यानीमनी काही नव्हतं. पण म्हातारीने पलंगाशेजारच्या स्टुलावरचा आपला पेला उचलला आणि पलंगाखाली ठेवला. त्यानंतर तिने कुणाकडे पाणी मागितलं नाही. दुपारी मॅडमनी स्वतः विचारलं तर म्हणाली, "नको बाय. मना तान नाय."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पलंगावर मला निजवलंच नाही. मोकळ्या पलंगाकडे बोट दाखवून त्यांनी पेल्याची गोष्ट सांगितली. म्हणाल्या, "त्यांना दवाखान्यापर्यंत किती चालावं लागतं ते विचारा. एस.टी. कुठे थांबते, घरी सोबत कोण आहे ते विचारा. त्यावर उपचार ठरतात. वाडीवर कुठलं औषध ठरतं, सांगा मला." ती गोड मुलगी रडायला लागली. मॅडमनी तिला जवळ घेतलं, पण रडू नको असं काही म्हणाल्या नाहीत. त्या दिवसापासून वाडी हा शब्द त्या खोलीत बंद झाला.

आता निशाबद्दल लिहायचं. हे तिचं खरं नाव नाही, आणि तिच्या गावाचंही नाव मी लिहिणार नाही. कारण पुढे कळेल.

निशा वर्गात मागे बसणारी. वडील लोट्याला रसायनाच्या कारखान्यात पाळीवर, घर तिथल्याच चाळीत. कुणी विचारलं तर "आम्ही लोट्याचे" इतकंच सांगायची. तिचा पहिला नंबर आला तेव्हा मी कुष्ठरोगी होतो. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. आधीच्या पोरांनी काय काय विचारलं होतं, सहानुभूती दाखवली होती, एकाने तर धीर देताना भाषणच केलं. निशा आली, माझ्या पलंगाच्या कडेवर बसली, आणि काही न विचारता तिने माझी एक सुटलेली चिंधी परत नीट गुंडाळली. मग म्हणाली, "जेवलात?" मला अभिनय विसरायला झालं. मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "मग आधी जेवा. मी थांबते." मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांच्या हातातली लवंग हातातच राहिली.

त्यानंतर निशा संहितेच्या बैठकांनाही यायला लागली. मॅडमच्या घराचं रूप बदललं. फडताळात दुसरं ताट आलं, तिसरा कप आला. बिस्किटं यायला लागली. मॅडमना बिस्किटं आवडत नाहीत. निशा शनिवारी दुपारी यायची आणि सकाळपासून यांची लगबग. एकदा ती आली नाही, परीक्षा होती, तर मॅडम माझ्याशी दम्याबद्दल बोलत असताना तीनदा उठून दारापर्यंत जाऊन आल्या. दोघी फारसं बोलत नसत. एक वाचायची, एक लिहायची. पण घरात कुणीतरी आहे हे मॅडमच्या चेहऱ्यावर दिसायचं. आपल्यामागे कधीतरी हा तास निशाच घेणार, असं त्या मला दोनदा म्हणाल्या. तिला म्हणाल्या नव्हत्या.

तो शनिवार मला लख्ख आठवतो. चहा झाला होता. मॅडम आपल्या आजोळाबद्दल सांगत होत्या. त्यांचं आजोळ खेडच्या आतल्या अंगाला, जगबुडी नदीच्या वरच्या काठावर. आजोबा गावचे खोत. मे महिना तिथे जायचा, फणसाचे गरे, नदीवर डुंबणं. असं त्या कधी बोलत नसत. बोलता बोलता नदीतल्या एका डोहाचं वर्णन करायला लागल्या, तर निशाच म्हणाली, "बाळंतिणीची कोंड."

मॅडम थांबल्या. "तुला कसं माहीत?"

"आजी सांगायची. आमच्या गावात आहे ती."

मॅडम उभ्याच राहिल्या. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर कधी बघितला नव्हता. सगळं आयुष्य परक्या माणसांत काढलेल्या बाईला आपलं माणूस सापडलं होतं, आणि तेही आधीच घरात बसलेलं. त्या निशाचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "अगं वेडे, म्हणजे तू आमच्या आजोळची! इतके दिवस बोलली नाहीस? कुठल्या वाडीतली गं तू?"

शब्द बाहेर पडले आणि मी खिडकीकडे बघायला लागलो.

निशाने हात सोडवून घेतले नाहीत. शांतपणे म्हणाली, "खालच्या."

मग मॅडमनी आणखी एक गोष्ट केली. त्यांचा चेहरा उतरला, त्यांना कळलं होतं, आणि ते सावरायला त्या घाईने म्हणाल्या, "असू दे गं. असू दे. त्याला काय होतंय."

निशा उठली. आपला कप उचलून मोरीत नेला, विसळला, पालथा घातला. "येते मॅडम," म्हणाली आणि गेली. जिना उतरल्याचा आवाज गेला तरी मॅडम तशाच उभ्या होत्या. नंतर मला म्हणाल्या, "शेवडे, तुम्हीही जा आता."

निशा तासाला येत राहिली. कामात कणभर कमी नाही. 'हो मॅडम', 'नाही मॅडम', मान खाली नाही, डोळ्यांत राग नाही. शनिवारी मात्र आली नाही, पुढच्याही शनिवारी नाही. बिस्किटांचा पुडा मऊ पडून गेला.

मी म्हटलं, "बोलावून घ्या की. दोन शब्द बोला, संपलं."

"मी बोलावलं तर तिला यावंच लागेल," मॅडम म्हणाल्या, "माझ्या हातात तिचे मार्क आहेत. ती समोर उभी राहील आणि 'काही नाही मॅडम' म्हणेल. दुसरं काय म्हणणार?"

"मग वर्गात सांगा, माझं चुकलं म्हणून. तुम्ही पोरांना तेच शिकवता."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं मलाच कळलं. वर्गात काय सांगणार? निशाची वाडी सांगणार? जे एकदा एका खोलीत झालं ते शंभर जणांपुढे करणार? "पत्र टाका" असं पोस्टातल्या माणसाच्या जिभेवर आलंच होतं. त्या आधीच म्हणाल्या, "लिहिलं तर तिला उत्तर द्यावं लागतं."

मग एक दिवस त्यांचा फोन आला, "खेडला येता का माझ्याबरोबर?" आम्ही सकाळची एस.टी. धरली. हातखंब्यापासून खेडपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. परशुराम घाट चढून लोट्याला गाडी थांबली तेव्हा पाळी सुटली होती. कंपनीच्या बसमधून माणसं उतरत होती, डोळे लाल, हातात डबे. मॅडम एकेकाचा चेहरा बघत होत्या. त्या कुणाच्या वडिलांना शोधतायत ते मला कळलं.

खेडच्या स्टँडवर गावाकडे जाणारी गाडी लागलेली होती. बेत असा होता की आजोळी जायचं, तिथून सरळ खालच्या वाडीत. निशाची आजी अजून तिथे होती. तिच्या ओटीवर बसायचं, पाणी मागून प्यायचं. एवढंच ठरवून त्या आल्या होत्या. गाडीच्या पायरीवर त्यांनी पाय ठेवला आणि काढून घेतला.

"शेवडे, मी गेले तर काय होईल माहितेय? संध्याकाळपर्यंत गावभर होईल की खोतांची नात खालच्या वाडीत जाऊन पाणी प्यायली. माझं कौतुक होईल हो. आणि त्या म्हातारीला माझ्यासाठी सतरंजी शोधावी लागेल, कुणाच्या तरी घरून चांगला पेला आणावा लागेल. निशाला आईचा फोन जाईल, तुझ्या मॅडम आल्या होत्या, किती मोठ्या मनाच्या." त्या बाकावर बसल्या. "मला माफी मागायचीच नाहीये. मला हलकं व्हायचंय. त्यासाठी मी तिच्या आजीचं अंगण शोधत आले."

गाडी भरली आणि सुटली. आम्ही कँटीनमध्ये बटाटेवडा खाल्ला आणि परतीच्या गाडीत बसलो. येताना संगमेश्वरच्या पुढे त्या रडल्या. पदर तोंडाशी धरून, आवाज न करता, शेजारच्याला ऐकू जाऊ नये असं. मी झोपेचं सोंग घेतलं. सोंग घेणं हे माझं कामच, पण त्या दिवसाइतकं अवघड सोंग मी कधी केलं नाही.

वर्ष गेलं. मॅडमचा करार पुढे वाढला नाही. मोडक्या पलंगांची खोली संगणकाला हवी होती, आणि गप्पांचा तास आता मोठ्या हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवून होणार होता. मॅडमनी वाद घातला नाही. नाशिकला बहिणीकडे जायचं ठरलं. निशा तोवर इंटर्न झाली होती. मार्क लागून गेले होते, मॅडमचा तिच्यावर काही हक्क उरला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी सुतळी आणि खोकी घेऊन त्यांच्याकडे गेलो. पुस्तकांचे गठ्ठे बांधत होतो. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात निशा. ॲप्रन हातावर टाकलेला, ड्युटीवरून सरळ आलेली. मॅडम खोक्याजवळ जमिनीवर बसल्या होत्या, त्यांना पटकन उठता येईना. निशाच आत आली आणि त्यांच्यासमोर खाली बसली. मी उठायला लागलो तर म्हणाली, "बसा काका. तुम्ही तेव्हाही होतात."

मग ती मॅडमकडे बघून बोलली. आवाज वर नाही, खाली नाही.

"तुम्ही वाडी विचारलीत त्याचं मला वाईट नाही वाटलं, मॅडम. तुम्हाला आनंद झाला होता, ते मला दिसत होतं. मलाही झाला होता. पण मी सांगितल्यावर तुम्ही 'असू दे' म्हणालात. माझ्या हातून कप फुटला असता तर 'असू दे' म्हणायचं असतं. माझ्या हातून काय फुटलं होतं?"

मॅडमचे ओठ हलले. मला वाटलं आता त्या सांगतील, खेडला गेल्याचं, पायरीवरून परतल्याचं, त्या रडल्याचं. मलाच सांगावंसं वाटत होतं. पण त्या काही बोलल्या नाहीत. निशाचं बोलून झालंय याची खात्री होईपर्यंत त्या तिच्याकडे बघत राहिल्या.

"काही नव्हतं फुटलं," मग त्या म्हणाल्या, "माझं चुकलं, निशा."

निशाने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, ते तिने ॲप्रनला पुसले. मॅडम माझ्या हाताचा आधार घेऊन उठल्या. "चहा टाकते."

"नको, मॅडम."

आमच्याकडे नको म्हणताना माणूस काहीतरी पुढे जोडतो. आत्ताच झाला, उशीर होतोय, ॲसिडिटी आहे. निशाने काही जोडलं नाही. वाकून मॅडमच्या पायांना हात लावला नाही, की लावायचं टाळतेय असंही दाखवलं नाही. "नीट जा," म्हणाली. "तिकडे थंडी असते." आणि जिना उतरली.

खालून स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मॅडम अनवाणीच खाली गेल्या. मला वाटलं, तिला थांबवायला. पण स्कूटर तोवर रस्त्याला लागली होती. मी गॅलरीत येऊन बघितलं. त्या फाटकाला धरून उभ्या होत्या, नाचणे रोडच्या चढाकडे तोंड करून.

"मॅडम, चहा मी टाकू का?" मी वरून हाक मारली. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून वळल्या नाहीत. त्यांना नावाने हाक मारावी असं मला पहिल्यांदाच वाटलं, पण जीभ रेटली नाही. मी आत जाऊन दोन कप चहा केला, माझा प्यायलो, राहिलेले गठ्ठे बांधले. पुन्हा गॅलरीत आलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते. त्या तिथेच उभ्या होत्या, आणि येणारी प्रत्येक स्कूटर जवळ येऊन पुढे जाईपर्यंत तिच्याकडे बघत होत्या.